खोक्यावर ‘उडवायला तयार’ लिहिलंय, पण आधी रोटर हेड उघडा

महिनाभर उडवून मग लिहितोय. रिमोटवर उडणारं, 450 आकाराचं, बेल्टवर टेल फिरवणारं, फ्लायबार (यंत्र सावरणारी हेडवरची आडवी दांडी) नसलेलं इलेक्ट्रिक हेलिकॉप्टर. मुख्य पाती 325 मिलिमीटरची, रोटरचा व्यास साधारण 71 सेंटिमीटर, तीन सेलची 2200 एमएएचची लायपो बॅटरी, आणि बॅटरीसकट वजन पाऊण किलोच्या आसपास. याच आराखड्याची यंत्रं वेगवेगळ्या नावांनी विकली जातात, त्यांचे बरेचसे सुटे भागही एकमेकांना बसतात, त्यामुळे नाव बाजूला ठेवून यंत्राबद्दलच बोलतो.

मत आधीच सांगतो: यंत्र चांगलं आहे, कारखान्यातली जुळणी चांगली नाही. कार्बनची फ्रेम सरळ आहे, मेन शाफ्ट काचेवर लोळवून पाहिला तर कुठे डगमगत नाही, सर्वोंची (स्टिकप्रमाणे लिंक हलवणाऱ्या छोट्या मोटरींची) जागा नेमकी आहे. पण खोक्यातून काढून तसंच उडवलं असतं तर पहिल्याच दिवशी मोडलं असतं, कदाचित कोणाला लागलंही असतं.

पहिल्या संध्याकाळी फक्त रोटर हेड, म्हणजे पाती जिथे बसतात तो भाग, उघडला. पाती धरणाऱ्या दोन्ही ब्लेड ग्रिपच्या आतून जो आडवा दांडा जातो, फेदरिंग शाफ्ट, त्याच्या दोन टोकांच्या दोन स्क्रूंवर दोन्ही पाती टिकून असतात. त्यातला एक स्क्रू अॅलन की लावताच बोटाच्या जोरावर सुटला. आट्यांवर थ्रेडलॉकचा, म्हणजे स्क्रू सुटू न देणाऱ्या गोंदाचा, मागमूस नाही. हिशोब करून पाहा: 71 सेंटिमीटरचा रोटर 2700 आरपीएमला (मिनिटाला तेवढे फेरे) फिरतो तेव्हा पात्याचं टोक ताशी 360 किलोमीटरच्या वेगाने जात असतं. तो स्क्रू हवेत निघाला तर पातं ग्रिपसकट सुटतं. मी सगळे धातूत धातू जाणारे स्क्रू काढले, स्पिरिटने पुसले, निळ्या थ्रेडलॉकचा एकेक बारीक थेंब लावून परत घट्ट केले. प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूंना मात्र ते लावू नका, प्लॅस्टिक ठिसूळ होऊन तडकतं.

त्याच ग्रिपमध्ये दुसरी गोष्ट सापडली. थ्रस्ट बेअरिंग म्हणजे दोन चकत्या आणि मधे बारीक गोळ्यांची जाळी. चकत्या दिसायला अगदी सारख्या, पण एकीचं भोक केसभर मोठं असतं. शाफ्टवर सरकवल्या की फरक कळतो: लहान भोकाची शाफ्टला धरून बसते, मोठ्या भोकाची किंचित हलते. मोठी आतल्या बाजूला, हबकडे. लहान बाहेर, स्क्रूकडे. माझ्याकडच्या एका ग्रिपमध्ये त्या उलट बसवलेल्या होत्या आणि गोळ्या कोरड्या ठणठणीत. टेबलावर ग्रिप हाताने फिरवली तर काहीच जाणवत नाही. पाती वेगात फिरायला लागून बाहेरची ओढ आली की मग ग्रिप जखडते, सर्वोंवर भार येतो, आणि माणूस सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत बसतो. ग्रीस भरून सरळ बसवल्या. वीस मिनिटांचं काम होतं, ते कारखान्यात झालं नव्हतं याचा मला खरंच राग आला.

दुसऱ्या संध्याकाळी सेटअप. बसण्याआधी मोटरच्या तिन्ही वायरी ईएससीपासून (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटपासून) काढून ठेवा. बीईसीतून, म्हणजे बाकीच्या भागांना वीज देणाऱ्या सर्किटमधून, रिसीव्हर आणि सर्वोंना वीज मिळतच राहते, त्यामुळे सगळं तपासता येतं आणि स्टिकला धक्का लागला तरी रोटर फिरत नाही. इलेक्ट्रिकचा हा मोठा फायदा आहे, आणि पुस्तिकेत त्याबद्दल एक ओळही नाही.

स्वॉशप्लेटला, म्हणजे पात्यांचा कोन बदलणाऱ्या शाफ्टवरच्या चकतीला, तीन सर्वो, 120 अंशांवर. स्टिक मधोमध असताना तिन्ही आर्म लिंकशी काटकोनात हव्यात, नाहीतर वर आणि खाली जायचं अंतर सारखं पडत नाही आणि नुसतं वर उचललं तरी स्वॉशप्लेट कलते. इथे सबट्रिमने (सर्वोचा मध्य सरकवणाऱ्या सेटिंगने) सगळी कसर भरायचा मोह होतो. मी आधी आर्म काढून एकेक दात पुढेमागे बसवत काटकोनाच्या जितकं जवळ नेता येईल तितकं नेलं, आणि उरलेला बारीक फरकच सबट्रिमवर सोडला. हा सबट्रिम फ्लायबारलेस युनिटमध्ये (फ्लायबारऐवजी यंत्र सावरणाऱ्या सेन्सरच्या डबीत) द्यायचा, ट्रान्समीटरमध्ये नाही. ट्रान्समीटरमध्ये ट्रिम आणि सबट्रिम शून्य, स्वॉश मिक्सिंग बंद. तिथे दिलेली ट्रिम युनिटला ‘सतत कलत राहा’ असा हुकूम वाटते.

मग लेव्हलर, म्हणजे सपाटी तपासायचं साधन, शाफ्टवर सरकवून स्वॉशप्लेट सपाट केली, आणि लिंकची लांबी बदलून स्टिक मध्यावर असताना पिच (पात्यांचा कोन) शून्यावर आणला. खोक्यातला प्लॅस्टिकचा पिच गेज पात्यावर हलतो, त्याच्यावर विसंबू नका. शून्यासाठी जुनी रीत जास्त भरवशाची: दोन्ही पाती घडी घालून टेलबूमच्या दिशेने एकमेकांवर आणायची आणि टोकांकडून पाहायचं. पिच शून्य असेल तर दोन्ही समांतर दिसतात. वरखाली 11 अंश ठेवले, आणि टोकाच्या पिचवर स्टिक चारी कोपऱ्यांत फिरवून काही अडकतंय का ते कान लावून ऐकलं. सर्वो कण्हत असेल तर कुठेतरी अडकतंयच.

डीटर श्लुटर यांनी 1970 च्या सुमारास रेडिओवरचं हेलिकॉप्टर उडवून दाखवलं, त्यानंतर कितीतरी वर्षं हेडवर आडवी दांडी आणि तिच्या टोकाला पॅडल असायचीच. यंत्र तीच सावरायची. आता ते काम डाकतिकिटाएवढा सेन्सर करतो. म्हणून त्याची दिशा उलटी असेल तर यंत्र स्वतःलाच पाडतं. हे तपासायला माझी लेक बसली. ती हेलिकॉप्टर हातात धरून नाक खाली करायची आणि मी स्वॉशप्लेटकडे पाहायचो. नाक खाली गेलं की स्वॉशप्लेटने मागे कललं पाहिजे, जशी काही ती जमिनीशी समांतर राहायला धडपडतेय. डावीउजवीकडे तसंच. टेलचंही: नाक डावीकडे वळवलं की टेलच्या सर्वोने उजवा रडर दिल्यासारखं हलायला हवं. लेक म्हणाली, “बाबा, शेपूट उलटं हलतंय.” पाहिलं तर खरंच. कारखान्याने टेलच्या जायरोची, म्हणजे वळणं ओळखणाऱ्या सेन्सरची, दिशा उलट ठेवली होती. जमिनीवरून उठल्या उठल्या गरगरत आदळलं असतं.

टेलच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी. बेल्टला बूममध्ये पाव पीळ असतो. तो उलट पडला तर टेलची पाती उलटी फिरतात. आणि युनिटमध्ये टेल सर्वोचा प्रकार निवडताना घाई नको: 1520 आणि 760 मायक्रोसेकंदांच्या सिग्नलवर चालणारे हे वेगळे प्रकार आहेत, आणि साध्या अॅनालॉग सर्वोला जास्त फ्रिक्वेन्सी दिली तर तो तापून जळतो. पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) आणि मेन गिअर यांच्यात कागदाची पट्टी घालून मोटर दाबून बसवली. पट्टी काढली की हवी तेवढी फट राहते.

कॅनोपी ठीक. लँडिंग स्किड ठीक. रंगाचं मला फारसं काही वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी मैदानावर. आधी पाती न लावता मोटर चालवून थरथर पाहिली, टेलबूमचं टोक धूसर दिसत नव्हतं. मग एका पात्याच्या टोकाला लाल, दुसऱ्याला निळी चिकटपट्टी लावली आणि यंत्र जेमतेम जमिनीवरून उचललं. लेक दहा-बारा मीटरवर, डोळ्याला संरक्षक चष्मा लावून, रोटरच्या पातळीत नव्हे तर मागे आणि बाजूला बसली होती. “लाल वर आहे, बोटभर.” उतरवलं, वायर काढली, लाल पात्याची लिंक एक पूर्ण आटा फिरवली. पूर्ण यासाठी, की लिंकवर अक्षर असतं आणि ते बाहेरच्या बाजूला यायला हवं; अर्ध्या आट्यावर बसवली तर बॉलवर घट्ट होते. परत उचललं. लाल आणि निळी मिळून जांभळी एकच रेघ झाली, आणि मशीनचा आवाजच बदलला. घरघर गेली, नुसता सपसप आवाज उरला. ती रेघ पाहून मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही.

थ्रॉटल कर्व्ह सपाट ठेवलाय, म्हणजे स्टिक कुठेही असली तरी मोटरचा थ्रॉटल एकच. 3500 केव्हीची (दर व्होल्टला तेवढे आरपीएम) मोटर, 13 दातांचा पिनियन, 150 दातांचा गिअर: 11.1 व्होल्टला कागदावर साधारण 3370 आरपीएम येतात, भाराखाली अर्थातच कमी. टायमर साडेचार मिनिटांचा लावतो. त्यानंतर चार्जर बॅटरीत 1500 एमएएचच्या आसपास भरतो, म्हणजे क्षमतेच्या 80 टक्क्यांच्या आतच राहतो, आणि महिनाभरात एकही सेल फुगलेला नाही.

आजच संध्याकाळी उडवायचं असेल तर हे घेऊ नका. तीन संध्याकाळी, चांगल्या अॅलन की आणि शांत डोकं असेल तर जरूर घ्या, कारण एकदा जुळवलं की ते जुळलेलं राहतं. महिन्यात दोनदाच लिंकना हात लावावा लागला, तोही माझ्या एका आडव्या लँडिंगमुळे. कारखान्याने ते दोन स्क्रू, बेअरिंगच्या चकत्या आणि जायरोची दिशा नीट तपासून पाठवली असती तर मी हे कोणालाही डोळे झाकून घ्यायला सांगितलं असतं.

पात्यांवरच्या चिकटपट्ट्या अजून काढलेल्या नाहीत. लेक काढू देत नाही, तिला ती जांभळी रेघ पाहायची असते.