कडुलिंब-चांदीची सुती पट्टी: सहा महिन्यांच्या वापरानंतर

कडुलिंबाच्या काढ्याने सिल्व्हर नायट्रेटमधून चांदीचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, तयार करायचे आणि जंतू रोखण्यासाठी सुती पट्टीवर बसवायचे. पद्धत स्वस्त आणि सोपी, पण पहिल्या चाचणीवर भाळू नका. ताज्या पट्टीभोवती पेट्री डिशमध्ये (जंतू वाढवायच्या बशीत) जे रुंद, जंतू न वाढलेलं स्वच्छ कडं दिसतं, त्यात न धुतलेल्या सिल्व्हर नायट्रेटचा वाटा बराच असतो. श्रेय मात्र नॅनोकणांना जातं.

10 ग्रॅम पाला 100 मिली डिस्टिल्ड पाण्यात 15 मिनिटं उकळून गाळायचा. लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात 170 मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे 1 मिलिमोलर (रसायनातलं तीव्रतेचं माप). हातमोजे हवेतच, नाहीतर बोटांवरचे काळे डाग काही दिवस जात नाहीत. या द्रावणाच्या 90 मिलीत पाल्याचा 10 मिली काढा थेंबाथेंबाने घाला, ढवळत. रंग आधी फिका पिवळा, मग मधासारखा, शेवटी कोऱ्या चहासारखा. राखाडी होऊन गाळ बसला तर कण एकमेकांना चिकटले. ती बाटली बाद. नळाचं पाणी वापरलंत तर क्लोराइडमुळे सुरुवातीलाच दुधाळ होतं.

खरी डोकेदुखी पाल्याची. कोवळी पालवी आणि जून पानं यांचा काढा सारखा उतरत नाही, त्यामुळे प्रत्येक घाण्याचा रंग वेगळा. पाला सावलीत वाळवून, एकत्र कुटून ठेवला तर फरक कमी होतो (मग वजन निम्म्याहून कमी घ्या). काढा ताजाच वापरा, फ्रिजमध्येही बुरशी धरतो.

कापडाची खळ आधी काढा. तयार द्रावणात भिजवून, पिळून, 80 अंशांवर वाळवा आणि डिस्टिल्ड पाण्याने धूत राहा. धुण्याचं थोडं पाणी वेगळं काढून त्यात मिठाच्या पाण्याचा थेंब टाका. धुरकटलं तर नायट्रेट अजून सुटतंय. चाचणी त्यानंतरच, आणि सोबत तुलनेसाठी नुसत्या काढ्यात बुडवलेली पट्टीही ठेवा.

नुसती भिजवलेली पट्टी साबणाच्या धुण्यात चांदी सोडत जाते. सायट्रिक ॲसिडने बांधून 160 अंशांवर भाजली तर जास्त टिकते, पण सुताची ताकद घटते आणि पिवळेपणा वाढतो. ब्लीच तर नकोच. पांढऱ्या कापडाची हौस असेल तर हा नाद सोडा, तपकिरी छटा राहणारच. उघड्या जखमेवर ही पट्टी बांधू नका, ती निर्जंतुक नसते.

उरलेलं द्रावण मोरीत नको. मीठ घालून चांदी खाली बसवा, गाळ वेगळा ठेवा. त्यात अमोनिया कधीच मिसळू नका. ते मिश्रण साठून राहिलं तर स्फोटक होऊ शकतं.