१/३५ टी-५५ रणगाडा, एअरब्रशशिवाय: दिवाळी ते पावसाळा वापरानंतरचा अनुभव

रणगाड्याचं पहिलं प्लास्टिक मॉडेल करणाऱ्याने एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं साधन) आणि त्याला हवा पुरवणारा कंप्रेसर यांवर पैसे घालू नयेत. हे आधीच सांगून टाकते, कारण बरेच जण याच प्रश्नावर अडून बसतात आणि किट डब्यातच राहतं. मी आणि माझ्या नववीतल्या भाच्याने तामिया या जपानी कंपनीचा टी-५५ए, म्हणजे खऱ्याच्या एक पस्तीसांश आकाराचा रणगाडा, दिवाळीच्या सुट्टीत उघडला, होळीच्या सुमारास पुरा केला. त्यानंतर इंदूरचा उन्हाळा आणि अर्धा पावसाळा त्याने आमच्या रामबागेतल्या घरी उघड्या फळीवर काढलाय. तेव्हा काय टिकतं आणि काय नाही, हे आता खात्रीने सांगता येईल.

टी-५५च का? १९७१च्या युद्धात आपल्या सैन्याने तो वापरला, एवढं भाच्याला पुरेसं होतं. मला त्याची साधी ठेवण आवडली. बसकं अंग, गोल टरेट (तोफेचा फिरता घुमट), १०० मिमीची तोफ, दोन्ही बाजूंना पाच-पाच मोठी चाकं. पहिल्या आणि दुसऱ्या चाकामधली फट बाकीच्यांपेक्षा मोठी दिसली की टी-५४ किंवा टी-५५ समजावा. खरा रणगाडा तोफेसकट सुमारे ९ मीटर लांब, म्हणजे मॉडेल २६ सेंटिमीटरच्या आसपास. १/३५ हे जरा विचित्र प्रमाणही तामियाचंच. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी पँथर रणगाड्याचं चालतं मॉडेल काढलं, तेव्हा आत मोटर आणि बॅटरी मावावी म्हणून ते ठरलं आणि पुढे बाकीच्या कंपन्यांनीही तेच उचललं.

तीन वस्तूंवर हात आखडू नका: किट, निपर (भाग चौकटीतून कापायची छोटी पक्कड) आणि प्लास्टिक मॉडेलचा पातळ गोंद. बाकीचं गावातच मिळतं. पॉलिश पेपर आणि टर्पेंटाइन सियागंजात, कॅमलच्या ऑइल कलरच्या ट्यूब आणि ब्रश खजुरी बाजारात.

गोंदाबद्दल थोडं सविस्तर. हा गोंद प्लास्टिकच विरघळवून दोन भाग एकजीव करतो, त्यामुळे तो आधी लावून मग भाग चिकटवायचे नाहीत. भाग कोरडेच एकमेकांवर धरायचे आणि बाटलीतल्या ब्रशचं टोक फटीला नुसतं टेकवायचं. गोंद आपोआप फटीतून पळत जातो, बघत राहावंसं वाटतं. मग हलकेच दाबलं की विरघळलेल्या प्लास्टिकची केसाएवढी कड वर येते. ती दुसऱ्या दिवशी ४०० आणि मग ८०० नंबरच्या पेपरने घासली की सांधा दिसत नाही. तोफेची नळी दोन अर्धुकांत असेल तर ही युक्ती सोन्यासारखी आहे. हेडलाइटच्या पारदर्शक काचांना मात्र साधा फेव्हिकॉल वापरा. तो सुकल्यावर दिसत नाही, फेव्हिक्विकने काचेवर पांढरी वाफ धरते. खिडकी उघडी ठेवूनच बसायचं, वास डोक्यात जातो.

चाकांना सर्वांत जास्त वेळ लागतो. टी-५५ला प्रत्येक चाक जोडीचं, म्हणजे एकूण २० चकत्या, आणि प्रत्येकीला रबराची कड. इथे भाच्याने फार सुंदर काम केलं. टूथपिकवर चकती खोचायची, गडद राखाडी रंगाचा ब्रश एका जागी स्थिर धरायचा आणि टूथपिक फिरवायची. कड एका फेऱ्यात गोल रंगते. निव्वळ काळा वापरू नका, खरं रबर तसं दिसत नाही.

ट्रॅकचा, म्हणजे चाकांभोवती फिरणाऱ्या साखळीपट्ट्याचा मुद्दा डब्यावर कोणी लिहीत नाही. टी-५५ला वरच्या बाजूने ट्रॅक उचलून धरणाऱ्या छोट्या चाकल्या नसतात, त्यामुळे खरा ट्रॅक स्वतःच्या वजनाने चाकांवर लोळतो. किटमधली लवचिक पट्टी तशी लोळत नाही, ताठ राहते आणि सगळं खेळण्यासारखं दिसतं. उपाय सोपा आहे: चाकांच्या माथ्यावर फेव्हिक्विकचा एकेक थेंब, ट्रॅक खाली दाबायचा आणि मडगार्ड व ट्रॅक यांच्या मधे कापसाचे बोळे कोंबून रात्रभर ठेवायचं. सकाळी बोळे काढले तेव्हा आमचा रणगाडा पहिल्यांदा जड वाटला.

रंग व्हायेहो (Vallejo) कंपनीचे, पाण्यात मिसळणारे. ब्रशला हे उत्तम. तामियाचे अ‍ॅक्रिलिक ब्रशने लावताना खालचा थर उचलतात. आधी प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर), मग पातळ दोन-तीन हात. उन्हाळ्यात इथल्या कोरड्या हवेत रंग ब्रशवरच वाळतो, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ओला टिश्यू आणि त्यावर बटर पेपर अंथरून त्यावर रंग घ्या. छटेसाठी इंदूरजवळच्या महू छावणीकडे जाणाऱ्या सैन्याच्या गाड्या नीट बघा. टपाचा हिरवा उन्हाने उडालेला असतो, खालचा गडद राहतो. शिवाय लहान वस्तूवर तोच रंग जास्त काळपट दिसतो, म्हणून वरच्या भागाच्या रंगात थोडा फिका पिवळसर मिसळलाच पाहिजे.

मग ग्लॉस वार्निश, त्यावर बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) ऑइल कलर टर्पेंटाइनमध्ये चहाइतका पातळ करून खाचांत सोडायचा. धुळीसाठी पेस्टल खडू किसून पूड केली. आपल्याकडची काळी माती डोळ्यांत बसलेली असते, पण १९७१चा रणगाडा दाखवायचा तर तेव्हाच्या रणभूमीतली, पाकिस्तानातल्या शकरगढकडची गाळाची माती फिकी, भुरकट आहे. पूड फक्त चाकं आणि मडगार्डवर लावा. सगळीकडे फासली तर केलेलं बारीक काम झाकून जातं.

आता टिकण्याचं. सांधे एकही सुटलेला नाही. ट्रॅक दाबलेल्या जागी पक्के आहेत, फक्त पुढच्या चाकाशी वळतात तिथे रंगाला बारीक भेगा पडल्यात. टरेट फिरवायचा मोह सगळ्यांना होतो, तिथला रंग थोडा घासला गेलाय. मॅट वार्निशचा स्प्रे पावसाळ्यात मारू नका, दमट हवेत त्यावर पांढरट झाक येते. कोरडा दिवस बघून, डबा भरपूर हलवून मगच. धूळ मऊ मेकअप ब्रशने निघते, पण पुडीचा भाग वगळून.

दहा-बारा वर्षांच्या मुलाला हे किट जमेल, मात्र कटरच्या कामाला मोठं माणूस शेजारी हवं. आमचा पुढचा सेंच्युरियन हा ब्रिटिश रणगाडा ठरलाय, १९७१च्याच युद्धातल्या बसंतरच्या लढाईत परमवीरचक्र विजेते अरुण खेत्रपाल ज्यात लढले तो. तामियाचा साचा १९७०च्या दशकातला आहे, तेव्हा फटी बुजवायला पुट्टी आधीच आणून ठेवणार आहोत.