पाणवनस्पतींच्या टाकीसाठी स्टँड आणि कंट्रोलर: घरी करावा, करून घ्यावा की विकत आणावा?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात जिवंत पाणवनस्पतींची टाकी ठेवू पाहणाऱ्याला दोन निर्णय सुरुवातीलाच घ्यावे लागतात. टाकी कशावर ठेवायची हा पहिला; दिवा, झाडांना पुरवायचा कार्बन डायऑक्साइड, पंखा आणि हीटर यांच्या वेळा कोणी सांभाळायच्या, म्हणजे कंट्रोलर कोणता, हा दुसरा. बहुतेक जण दुसऱ्या प्रश्नावर महिनोन् महिने डोके लावतात आणि पहिला प्रश्न टाकी घरी यायच्या आदल्या आठवड्यात उरकून टाकतात. माझ्या मते क्रम नेमका उलटा हवा. टायमर पसंत पडला नाही तर तो पाच मिनिटांत बदलता येतो. भरलेल्या टाकीखालचा स्टँड बदलायचा झाला तर पाणी, माती, झाडे, मासे सगळेच उपसावे लागते. म्हणून येथे स्टँड आधी घेतला आहे, आणि तुलनेसाठी तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशी नेहमीची टाकी धरली आहे.

स्टँड: लोखंडी, प्लायचा की बांधलेला कट्टा

ही टाकी काठोकाठ भरली तर १८० लिटरच्या आसपास पाणी मावते. माती, दगड आणि वरची मोकळी जागा सोडता प्रत्यक्षात १५० लिटर धरावे. १० मिमी जाडीच्या काचेचे वजन सुमारे ४० किलो, माती व दगडांचे तेवढेच, आणि स्टँडचे २५ ते ३०. म्हणजे साधारण २६० किलोंचा भार अर्ध्या चौरस मीटरहूनही कमी जागेवर, तोही वर्षानुवर्षे न हलता उभा राहणार आहे. राहत्या खोलीचा काँक्रीटचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो भार धरून आखलेला असतो. तो भार संपूर्ण खोलीभर पसरलेला धरतात, त्यामुळे एका टाकीने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण वरच्या मजल्यावर टाकी भिंतीलगत, शक्यतो बीमच्या जवळ ठेवावी, खोलीच्या मधोमध ठेवू नये. शहापूरसारख्या भागातल्या जुन्या घरांत माळा लाकडी असतो. तेथे मात्र टाकी तळमजल्यावरच ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन.

लोखंडी स्टँडच्या बाबतीत आपल्याकडे एक मोठी सोय आहे. बेळगावात फौंड्री आणि मशीनशॉपची परंपरा जुनी असल्यामुळे उद्यमबागेत किंवा आपल्याच गल्लीतल्या वेल्डिंगच्या दुकानात हे काम जाणून करणारा माणूस मिळतो. दीड इंची चौकोनी पाईप, २ मिमी जाडीचा, या टाकीला पुरून उरतो. जाडीपेक्षा जोडणीकडे अधिक लक्ष द्यावे. वरची चौकट चारही उभ्या पायांच्या डोक्यावर बसली पाहिजे, म्हणजे भार पाईपवरून पाईपवर उतरतो. आडवे पाईप पायांच्या बाजूला चिकटवले तर तोच सगळा भार चार वेल्डवर लटकतो. मागच्या बाजूला एक तिरपा पाईप किंवा पत्रा जोडून घ्यावा, नाहीतर चौकट बाजूला कलू शकते. पाईपांची उघडी तोंडे बंद करून घ्यावीत, केबलसाठी लागणारी भोके रंगाआधीच पाडून घ्यावीत, आणि मग रेड ऑक्साइडवर ऑइलपेंटचे दोन हात किंवा पावडर कोटिंग करावे. रंगानंतर पाडलेल्या भोकाच्या कडेपासून पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो, हे मी माझ्या स्टँडवर पाहिले आहे.

माझा स्टँड करणाऱ्या वेल्डरने तेव्हा एक गोष्ट सांगितली होती: "पाईप जाड घाला म्हणशीला, घालतो, खरं खालची फरशीच वाकडी असली तर जाड पाईप काय करंल?" त्याच्या सांगण्यावरून पायांना खालून फिरवता येणारे बोल्ट बसवले, आणि तेच सर्वांत उपयोगी पडले. पाणसळीने चौकट कितीही तपासली तरी खरा निकाल पाणीच देते. टाकी निम्मी भरली की पाण्याची रेघ डाव्या आणि उजव्या कोपऱ्यात तळापासून मोजावी. तीन फुटांत दोन-तीन मिमीचा फरक दिसला तर पाणी काढून बोल्ट फिरवावेत. टाकीच्या तळाखाली १८ मिमी प्लायचा तुकडा आणि त्यावर थर्माकोल किंवा फोमचा पातळ थर घालावा. काचेखाली एखादा वाळूचा कणसुद्धा राहू देऊ नये.

प्लायचा स्टँड दिसायला निःसंशय सरस असतो. कपाट बंद होते, फिल्टरचा आवाज दबतो, सिलिंडर आणि वायर झाकल्या जातात. पण खानापूरच्या बाजूला, जेथे चार महिने भिंतीही ओल्या लागतात, तेथे साध्या प्लायच्या कडा फुगतात आणि वाळवीची धास्ती वेगळी. प्लायचाच करायचा असेल तर आयएस ७१० या भारतीय मानकाचा, पाण्यात टिकणारा मरीन प्लाय घ्यावा, आयएस ३०३ च्या साध्या प्लायवर समाधान मानू नये. कापलेली प्रत्येक कड रंगाने किंवा रेझिनने बंद करावी, आणि भार स्क्रूंवर न येता उभ्या फळ्यांवर येईल अशी रचना सुताराकडून आधी कागदावर काढून घ्यावी. चांगला मरीन प्लाय आणि सुताराची मजुरी धरली तर हा स्टँड लोखंडीपेक्षा महाग पडतो. मधला मार्ग म्हणजे सांगाडा लोखंडी आणि बाहेरून प्लायचे पल्ले. मी तोच घेतला आणि पुन्हा करायचा झाला तरी तोच घेईन.

स्वतःचे घर आणि तळमजला असेल तर विटांचे किंवा जांभ्याचे दोन ठोकळे बांधून, गिलावा करून, वर कडप्पा किंवा ग्रॅनाइटची लादी टाकण्याचा पर्यायही चांगला आहे. तो गंजत नाही, फुगत नाही आणि खर्चही बेताचा येतो. पण तो हलवता येत नाही. भाड्याच्या घरात त्याचा विचारच नको.

कंट्रोलर: वीज परत येते तेव्हा काय होते

वेळ सांभाळणारी उपकरणे किमतीवरून किंवा मोबाईल अॅपवरून तोलली जातात. आपल्या भागात मला कसोटी वेगळी वाटते: वळवाच्या पावसात वीज तीनदा गेली आणि आली, तर चौथ्या वेळी ते उपकरण काय करील?

साधा फिरत्या चकतीचा टायमर स्वस्त आणि दणकट असतो, पण वीज गेली की त्याची चकती थांबते. रोज दोन तास वीज गेली तर आठवड्याअखेर तो चौदा तास मागे असतो आणि दिवा मध्यरात्री लागू लागतो. डिजिटल टायमरच्या आत छोटा सेल असल्यामुळे घड्याळ चालू राहते. दिवा आणि कार्बन डायऑक्साइड गॅसचा व्हॉल्व्ह यांसाठी असे दोन टायमर पुरतात, आणि ज्याला सोल्डरिंगची आवड नाही त्याने पुढचे काही न वाचता हेच घ्यावेत. वायफायवरचे स्मार्ट प्लग सोयीचे आहेत, पण बहुतेकांना वीज आल्यावर वेळ इंटरनेटवरून घ्यावी लागते, म्हणजे त्यांचे वेळापत्रक राउटरच्या भरवशावर राहते. ते घ्यायचे असतील तर वीज आल्यावर प्लगने बंद राहावे, ही सेटिंग आधी शोधावी. परदेशी बनावटीचे तयार अॅक्वेरियम कंट्रोलर मुख्यतः समुद्री टाक्यांसाठी केलेले असतात. दोन दिवे आणि एका व्हॉल्व्हसाठी तेवढा खर्च मला पटत नाही.

घरी केलेल्या कंट्रोलरची खरी जमेची बाजू बारकाव्यात आहे. अर्डुइनो किंवा ईएसपी३२ बोर्ड (प्रोग्रॅम चढवता येणारा छोटा संगणक), डीएस३२३१ घड्याळ, डीएस१८बी२० हा पाण्यात चालणारा तापमापक, रिले (बोर्डच्या इशाऱ्यावर चालणारे विजेचे बटण) आणि एलईडीचा उजेड कमी-जास्त करणारा मॉसफेट एवढ्या सामानात दिवा अर्ध्या तासात हळूहळू उजळतो आणि तसाच मावळतो, गॅस दिव्याच्या एक तास आधी सुरू होऊन एक तास आधी बंद होतो, आणि पंखा पाणी तापल्यावरच फिरतो. एप्रिल-मे महिन्यांत माझ्या टाकीचे पाणी ३० अंशांपर्यंत जाते. पृष्ठभागावर वारा घालणारा छोटा पंखा ते दोन-तीन अंशांनी उतरवतो, आणि तो दिवसभर विनाकारण फिरत नसल्यामुळे पाण्याची भरही कमी घालावी लागते. टायमरला हे जमत नाही, कारण त्याला फक्त वेळ कळते. सामानाचा खर्च दोन हजारांच्या आसपास येतो. पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा बेंगळुरूच्या एसपी रोडवर हे सगळे हाताळून घेता येते. बेळगावाहून पुणे जवळ पडते. खरी किंमत मात्र वेळेची आहे, आणि चुकांची.

माझी चूक सांगतो, कारण ती अनेकांच्या हातून होते. घड्याळाची वेळ लावण्यासाठी प्रोग्रॅममध्ये एक ओळ असते. ती प्रोग्रॅम बोर्डवर चढवला तेव्हाची वेळ घड्याळात भरते. ती एकदा वापरून काढून टाकायची असते. मी ती तशीच राहू दिली. प्रोग्रॅम चढवला होता रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. त्यानंतर जेव्हा जेव्हा वीज गेली आणि आली, तेव्हा तेव्हा बोर्ड नव्याने सुरू होऊन घड्याळात पुन्हा अकरा-दहाच भरत असे. संध्याकाळी पाचला वीज आली की सात वाजता मावळायचा दिवा मध्यरात्री एकपर्यंत जळायचा. आठ तासांचा उजेड कधी तेरा, कधी चौदा तास झाला. मी खते कमी केली, पाणी बदलले, फिल्टर धुतला. केसाळ शेवाळ अनुबियास या पाणवनस्पतीच्या पानांवरून हटेना. तीन आठवड्यांनी एका रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा टाकीत लख्ख उजेड दिसला आणि सगळा उलगडा झाला.

त्याच घड्याळाच्या मॉड्यूलविषयी आणखी एक सूचना द्यायला हवी. बाजारात सर्रास मिळणाऱ्या मॉड्यूलवर सेल चार्ज करणारा भाग असतो आणि तो एलआयआर२०३२ या चार्ज होणाऱ्या सेलसाठी असतो. त्यात साधा सीआर२०३२ बसवला तर तो फुगण्याची किंवा गळण्याची भीती असते. साधा सेल वापरायचा असल्यास त्या भागातला रेझिस्टर किंवा डायोड आधी काढून टाकावा.

हीटर आणि फिल्टर यांचा वेगळा विचार

डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पाणी २० अंशांच्या आसपास उतरते, तेव्हा हीटर लागतो. तो घरच्या कंट्रोलरच्या एकट्याच्या भरवशावर ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. डीएस१८बी२० ची वायर सुटली की त्याची नेहमीची लायब्ररी, म्हणजे तो वाचण्यासाठीचा तयार प्रोग्रॅम, वजा १२७ अंश असा आकडा देते. "२४ पेक्षा कमी असेल तर हीटर लाव" एवढेच लिहिलेला प्रोग्रॅम तो आकडा खरा मानतो आणि हीटर बंदच करत नाही. वीज येताच हाच तापमापक कधीकधी ८५ हा आकडाही देतो. म्हणून १० च्या खालचे आणि ४० च्या वरचे कोणतेही मोजमाप बिघाड समजून हीटर बंद करणारी ओळ प्रोग्रॅममध्ये हवीच. त्याशिवाय रिलेचे टोक चिकटून बसू शकते, आणि तेव्हा प्रोग्रॅमचे काही चालत नाही. हीटरला स्वतःचा थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला तो बंद करणारा भाग, असतो. तो हव्या तापमानाच्या एक अंश वर लावून ठेवावा, म्हणजे कंट्रोलर चुकला तरी मासे शिजणार नाहीत.

फिल्टर कंट्रोलरवर मुळीच घेऊ नये. तो थेट प्लगवर, आणि घरी इन्व्हर्टर असेल तर इन्व्हर्टरवर चालावा, कारण त्याच्या बंद डब्यातल्या, माशांची घाण पचवणाऱ्या जिवाणूंना काही तास ऑक्सिजन मिळाला नाही तर ते मरू लागतात. कंट्रोलरही इन्व्हर्टरवर ठेवावा. दिवा आणि गॅस मात्र साध्या लाइनवर. गॅसचा सोलेनॉइड (विजेवर उघडमीट करणारा) व्हॉल्व्ह वीज नसताना बंद राहणाराच घ्यावा, म्हणजे अंधारात गॅस पाण्यात जात राहून मासे वर तोंड काढणार नाहीत. पाण्याची आम्लता (पीएच) पाहून गॅस सोडणारा कंट्रोलर करण्याचा मोह अनेकांना होतो. त्याचा प्रोब, म्हणजे पाण्यात बुडणारा मापक, ठरावीक पीएचच्या बफर द्रावणात वारंवार जुळवावा लागतो आणि वर्ष-दोन वर्षांत बदलावा लागतो. टाकीत टांगायची ड्रॉप चेकर नावाची छोटी काचेची कुपी, ४ डीकेएच (कार्बोनेट क्षारतेचे माप) द्रावणाची, निळ्याची हिरवी झाली की गॅस योग्य आहे, एवढी खूण घरच्या टाकीला पुरते.

कोणताही पर्याय घेतला तरी या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच) आणि चांगले अर्थिंग हवे. प्रत्येक वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोक देऊन वर न्यावी, म्हणजे ओघळणारा थेंब प्लगपर्यंत न पोहोचता झोकाच्या तळाशी गळून पडतो. कंट्रोलरचा डबा स्टँडच्या बाजूच्या पल्ल्यावर उंच बसवावा, टाकीच्या बरोबर खाली कधीच नको. त्यावर दिव्यासाठी एक साधे हाताने चालवायचे बटण असू द्यावे. मी कामासाठी चार-चार दिवस पुण्याला असतो तेव्हा टाकीकडे आई पाहते, आणि तिला मोबाईलमधले अॅप नको असते, दिसणारे बटण हवे असते.

ज्याला अजून ठरवायचे आहे त्याने स्टँड लोखंडी करून घ्यावा, टाकी नुसत्या पाण्याने भरून चार दिवस उभी ठेवावी, रोज दोन्ही कोपऱ्यांतली रेघ मोजावी, आणि झाडे लावल्यावर पहिले दोन-तीन महिने डिजिटल टायमरवर रोज सहा तासांच्या उजेडाने काढावेत. तोवर घरचा कंट्रोलर टेबलावर, टाकीऐवजी चार साधे बल्ब जोडून चालवत ठेवता येतो. रोज वेगवेगळ्या वेळी त्याचा प्लग काढावा, दहा मिनिटांनी पुन्हा लावावा, तापमापकाची वायर मुद्दाम सोडवून पाहावी आणि कोणता बल्ब लागला, कोणता विझला हे वहीत लिहावे. सलग पंधरा दिवस वहीत एकही चूक आली नाही, की तो टाकीला जोडावा.