स्टिकर १५०चं, वजन ३६ किलो

आमच्या श्रीवर्धनकडे पावसाळ्यात लाइट जाणं ही काही बातमी नव्हे. वारा सुटला, माडाची झावळी तारेवर पडली की गाव काळोखात. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानं तर अर्धी वाडी आडवी केली, आणि लाइट यायला महिन्यावर दिवस लागले. त्याच वर्षी दिवाळीला घरात इन्व्हर्टर आणला. आई अंथरुणाला खिळलेली. तिच्या हवेच्या गादीचा छोटा पंप चोवीस तास चालू ठेवावा लागतो.

२०२४च्या मे महिन्यात बॅटरी दम टाकायला लागली होती. नेमका तेव्हाच टेम्पो दारात आला. मी अंगणात सुपारी गोणीत भरत होतो. कंपनीचा टी-शर्ट घातलेला तरुण, बोलायला गोड. "काका, पावसाच्या आत बदलून घ्या. जुनी द्या, वर साडेनऊ हजार. १५० एएचची टॉल ट्युब्युलर." एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप; टॉल ट्युब्युलर म्हणजे इन्व्हर्टरची उंच बॅटरी. दुकानात तिचे चौदा-पंधरा हजार सांगत होते. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला बोलू.

ही म्हणाली, "बिल घ्या हो नीट." तो म्हणाला, "वहिनी, बिल कंपनीकडून व्हॉट्सअ‍ॅपवर येतं." पैसे रोख हवे होते, कारण त्याचं यूपीआय म्हणे सकाळपासून अडकलं होतं. मग त्यानं मल्टिमीटर काढला आणि दोन वायरी टर्मिनलला टेकवल्या. "बघा, १२.८! फुल्ल." आकडा बघून मी निर्धास्त झालो. जुनी बॅटरी टेम्पोत चढवताना त्याला मी एका बाजूनं हात दिला. नवी त्यानं पोटाशी धरून एकट्यानंच आत आणली. मला वाटलं, पोरगा ताकदीचा आहे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री दहाला लाइट गेली. दोन पंखे, चार एलईडी, गादीचा पंप, एवढंच चालू. अकरा वाजून दहा मिनिटांनी इन्व्हर्टर शिटी मारून गप्प झाला. आईची गादी हळूहळू बसत गेली. उरलेली रात्र आम्ही दोघांनी तिची कूस बदलत काढली.

हिशेब साधा आहे, तो मी आधी मांडला नाही ही माझी चूक. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-तास. इन्व्हर्टर खातो ते आणि बॅटरी पार रिकामी करायची नसते ते सोडा, १२०० धरा. आमचा लोड २००च्या आसपास, म्हणजे सहा तास तरी निघायला हवेत. निघाला तासभर आणि वर दहा मिनिटं. तरीही मी आधी इन्व्हर्टरलाच दोष दिला आणि तो दुरुस्तीला पाठवून ८०० रुपये घालवले.

शेवटी ओळखीच्या वायरमननं बॅटरीच्या सहाही झाकणांत हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता मोजायची नळी, घातला. रात्रभर चार्ज करूनही दोन खणांत काटा ११५०च्या वर जाईना. भरलेल्या बॅटरीत तो १२४०च्या आसपास हवा. "व्होल्ट बघून काय कळतंय?" तो म्हणाला. "तांब्या भरलेला आणि हंडा भरलेला, वरून दोन्ही भरलेलेच. लोड टाकून घड्याळ लावायचं." मग आम्ही ती शेजारच्या सुपारीच्या व्यापाऱ्याकडे काट्यावर ठेवली. ३६ किलो. ॲसिडसकट १५०ची टॉल ट्युब्युलर पन्नासच्या पुढे भरते. खोकं मोठं, आत शिसं कमी. स्टिकरचा कोपरा नखानं उचलला तर खाली दुसऱ्याच कंपनीचं फाटकं स्टिकर. टर्मिनलवर पान्याचे जुने ओरखडे, त्यावर ताजं ग्रीस.

वॉरंटी कार्डावर '३६+२४' छापलेलं होतं, मी ते सरळ पाच वर्षं समजलो. खऱ्या कार्डावरही तसं नसतं. पहिले ३६ महिने बॅटरी बदलून मिळते. पुढच्या २४ महिन्यांत फक्त नव्या बॅटरीवर सूट, तीही छापील किमतीवर, जी बाजारभावाच्या बरीच वर असते. माझ्या कार्डावर तर सिरीयल नंबरची जागा कोरीच होती. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. बाईंनी आधी बिल आणि विक्रेत्याचा पत्ता विचारला. माझ्याकडे दोन्ही नाही. पोलिसांत अर्ज दिलाय. त्याचा मोबाइल तेव्हापासून बंद आहे.

जीएसटीचं बिल, बॅटरीच्या अंगावर कोरलेला नंबर बिलावर उतरवून घेणं आणि वजनकाटा, एवढं तरी दारात बॅटरी आली की बघा. काटा कुठल्याही वाण्याकडे असतो.

जाता जाता वायरमननं विचारलं, "जुन्या बॅटरीत पाणी कधी घातलं होतंत?" मी हिच्याकडे बघितलं, हिनं माझ्याकडे. गेल्या दिवाळीत, की त्याच्याही आधी. "अहो, मग ती मेलीच होती कशावरून? डिस्टिल्ड वॉटर भरून दोन दिवस चार्ज करून बघायची. एखादा पावसाळा निघालाही असता." ती खरी १५०ची होती. ती टेम्पोत चढवायला आम्ही दोघं लागलो होतो.