स्वमग्न मुलासाठी हार्मोन द्यायचं का? सिक्रेटिन, ऑक्सिटोसिन, ल्यूप्रॉन आणि मेलाटोनिन शेजारी ठेवून

आमचा स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलगा साडेचार वर्षांचा असताना रात्री दोनला उठायचा आणि पहाटेपर्यंत पंख्याचं बटण चालू-बंद करत बसायचा. त्या दिवसांत कुणी काहीही सुचवलं तरी आम्ही ऐकून घ्यायचो. एकाने ऑक्सिटोसिनचा नाकात मारायचा स्प्रे सुचवला, दुसऱ्याने मेलाटोनिन. दोन्ही शरीरातच तयार होणारी संप्रेरकं, म्हणजे 'नैसर्गिक', म्हणून लोक त्यांना एकाच माळेत ओवतात. मी वाचायला बसले तेव्हा कळलं, यांना एका दमात मोजण्यात काही अर्थ नाही.

सिक्रेटिनपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात बोलकी गोष्ट त्याची आहे. हे आतड्यातलं हार्मोन. स्वादुपिंड नीट चालतं का, हे तपासताना त्याचं इंजेक्शन देतात. अमेरिकेत अशाच एका तपासणीनंतर एक स्वमग्न मूल बोलू लागल्याचं आईवडिलांना दिसलं. १९९८ मध्ये अशा तीन मुलांवरचा छोटा लेख छापून आला आणि देशभर पालकांची झुंबड उडाली. पुढच्याच वर्षी ६० मुलांवर नीट चाचणी झाली: काहींना सिक्रेटिन, काहींना नुसतं मिठाचं पाणी, आणि कुणाला काय दिलंय हे पालकांना माहीत नाही. सुधारणा दोन्ही गटांत दिसली, सिक्रेटिनचा वेगळा फायदा काहीच नाही. ती धरून पुढे अशा चाचण्या पंधराच्या वर झाल्या, निष्कर्ष तोच.

पण मला थांबवलं ते दुसऱ्याच आकड्याने. निकाल सांगितल्यावरही त्या पहिल्या चाचणीतले ६९ टक्के पालक म्हणाले, आम्हाला सिक्रेटिनमध्ये अजून रस आहे. हसू नका. औषध सुरू केलं की आपण मुलाकडे डोळ्यांत तेल घालून बघतो. त्याने एकदा नजर मिळवली तरी ती औषधाच्या खात्यात जमा होते. मधल्या काळात मूल मोठंही होत असतं, स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) चालूच असतात. म्हणून 'अमक्याच्या मुलाला फरक पडला' हे खोटं नसतं, फक्त फरक कशाने पडला ते त्यातून कळत नाही.

ऑक्सिटोसिन आपल्याकडे दोन कारणांनी ठाऊक आहे: बाळंतपणातलं इंजेक्शन, आणि म्हशीला पान्हा सुटावा म्हणून गोठ्यांत चोरून दिली जाणारी सुई. माया, जवळीक यांच्याशी त्याचं नातं जोडलं जातं, म्हणून आशा मोठी होती. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीचा निकाल आला. ३ ते १७ वयाची २९० मुलं, २४ आठवडे रोज स्प्रे. माणसांपासून अलिप्त राहण्याच्या मोजपट्टीवर औषधाच्या गटात ३.७ गुणांची घट, नकली स्प्रेच्या गटात ३.५. इथे माझा तरी निर्णय झाला. बाळंतपणाचं इंजेक्शन घरी नाकात घालायचा 'जुगाड' कुणी सांगितला, तर तिथून सरळ उठून यावं.

व्हासोप्रेसिन त्याचंच भावंड. २०१९ मध्ये स्टॅनफर्डमध्ये ३० मुलांवरच्या छोट्या चाचणीत फायदा दिसला होता. गंमत म्हणजे त्याच काळात हेच हार्मोन अडवणारं औषधही स्वमग्नतेवर तपासलं जात होतं, आणि ते पुढे अपयशी ठरलं. द्यायचं की अडवायचं, यावरच जिथे एकमत नाही, तिथे आपल्या पोराला घाई नको.

ल्यूप्रॉनला मी या तुलनेत धरतच नाही, नाव कानावर आलं तर ओळखता यावं म्हणून लिहिते. ते टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन दाबतं, आणि अकाली वयात येणाऱ्या मुलांमध्ये त्याला खरा उपयोग आहे. शरीरातला पारा आणि टेस्टोस्टेरॉन मिळून स्वमग्नता वाढवतात, असा दावा करून अमेरिकेत मार्क गायर हे डॉक्टर ते स्वमग्न मुलांना देत. २०११ मध्ये मेरीलँडच्या वैद्यकीय मंडळाने त्यांचा परवाना स्थगित केला, पुढे रद्द केला. वाढीशी आणि हाडांशी हा खेळ आहे.

राहिलं मेलाटोनिन. एक गोष्ट आधी पक्की धरा: ते स्वमग्नतेवरचं औषध नाही, झोपेचं आहे. झोपेची शिस्त लावूनही न झोपणाऱ्या १२५ मुलांवर १३ आठवड्यांची चाचणी झाली. त्यात बहुतेक मुलं स्वमग्न होती. हळूहळू सुटणारं मेलाटोनिन घेणाऱ्यांची झोप सरासरी ५७ मिनिटांनी वाढली, नकली गोळीवाल्यांची ९. युरोपात २०१८ पासून स्वमग्न मुलांसाठी अशी गोळी मंजूर आहे. सकाळी सुस्ती, चिडचिड असे त्रास होऊ शकतात.

खरी अडचण बाजारातल्या मालाची आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत मेलाटोनिनच्या २५ प्रकारच्या गमी (चघळायच्या गोड गोळ्या) तपासल्या, तर २२ च्या लेबलवर लिहिलेलं प्रमाण खरं नव्हतं, आणि एकीत मेलाटोनिनच सापडलं नाही. म्हणून चॉकलेटसारख्या दिसणाऱ्या गोळ्यांची बाटली ऑनलाइन मागवू नका. डॉक्टरांकडून मात्रा लिहून घ्या. मुलाला फिट येत असतील किंवा दुसरी औषधं चालू असतील तर ते आवर्जून सांगा.

डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची झोपेची वही घेऊन जा: किती वाजता आडवा झाला, किती वाजता झोपला, रात्री कितीदा उठला. आमच्या डॉक्टरबाईंनी आधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासलं, कारण लोह कमी असलं तरी रात्री तळमळ होते. दुपारची झोप बंद केली, जेवणानंतरचा टॅब काढून घेतला. निम्मा प्रश्न तिथेच सुटला. उरलेल्यासाठी मेलाटोनिन सुरू झालं. आता तो दहाच्या आत झोपतो. हाक मारल्यावर वळून बघणं मात्र होतं तेवढंच आहे, त्यासाठी थेरपीच. स्प्रेचे पैसे तिकडे वळवले. स्वमग्न मुलांनाही लागू असलेल्या निरामय या सरकारी आरोग्य विमा योजनेत एक लाखापर्यंतचं विमासंरक्षण मिळतं आणि त्यात थेरपीचा खर्चही धरतात, तो अर्ज राहिला असेल तर आधी भरा.

दर काही महिन्यांनी बाईंना विचारून आम्ही गोळी थांबवून बघतो, अजून लागते का ते. मागच्या मे महिन्यात चार रात्री जमलं, पाचव्या रात्री पंख्याचं बटण पुन्हा सुरू.