ओक नॅशनल अकॅडमी: निलंबनाच्या पाच दिवसांत किती कामाची?

इंग्लंडमध्ये मुलाला शाळेतून निलंबित केलं, की पहिले 5 शालेय दिवस अभ्यास देणं आणि तपासणं शाळेकडेच असतं. सहाव्या दिवसापासून पूर्णवेळ पर्यायी शिक्षण. काही शाळा त्या पाच दिवसांत ओक या ऑनलाइन धड्यांच्या साइटची लिंक पाठवून मोकळ्या होतात. साइट फुकट, लॉगिनची कटकट नाही. आधी छोटी प्रश्नमंजुषा, मग व्हिडिओ, वर्कशीट, पुन्हा प्रश्नमंजुषा. गोची क्रमात होते: वर्ग अपूर्णांकांच्या भागाकारावर, मूल भलत्याच धड्यावर. परतल्यावर मागे पडतं ते इथेच. विषयशिक्षकांकडून धड्यांची नेमकी नावं मागून घ्या. प्रश्नमंजुषा आपोआप तपासली जाते, निबंध नाही. तो शाळेकडूनच तपासून घ्या, हक्कच आहे तो. गणिताला चार तारे, इंग्रजी लेखनाला जेमतेम दोन.