चढलेला सूर खाली आणताना: रीपर वापरून आठ महिने झाले, त्याबद्दल

आमच्या भजनी मंडळाचा हरिपाठ नीट रेकॉर्ड करून ठेवायचा, एवढ्यासाठी गेल्या आषाढीच्या आधी मी रीपर हे आवाज रेकॉर्ड आणि दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकलं. 60 दिवस फुकट वापरून पाहिलं आणि मग घरगुती वापराचं 60 डॉलरचं लायसन्स घेतलं. इथे सगळ्या सॉफ्टवेअरबद्दल लिहीत नाही. त्यातल्या एकाच कामाबद्दल लिहितोय, ज्यासाठी मी अनेक रात्री जागलो: सूर हळूहळू वर किंवा खाली नेणं.

घर सोलापुरात, अशोक चौकाच्या मागे. भिंतीला लागून यंत्रमागाचा कारखाना, त्यामुळे रेकॉर्डिंग माग थांबल्यावरच. खिडक्यांवर सोलापुरी चादरी दुहेरी टांगतो, पंखा बंद करतो. हरिपाठाला आमच्याकडे पेटी नसते. टाळ, पखवाज आणि चौदा गळे. सुरुवात काळी एकमध्ये झाली, पण लय वाढत गेली तसा सूरही चढत गेला. ज्ञानेश्वर हरिपाठाचे 27 अभंग संपेपर्यंत मंडळी काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्ये कुठेतरी पोचली होती. 138.6 हर्ट्झचा षड्ज शेवटी 143.5 वर. म्हणजे 60 सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट), अर्ध्या स्वरापेक्षाही थोडं कमीच. नुसतं ऐकताना कुणाला कळत नाही, उलट रंग चढल्यासारखं वाटतं. पण मला खाली तानपुरा घालायचा होता. पहिल्या अभंगाला तो छान मिसळायचा आणि विसाव्याला भांडायला लागायचा.

पहिला प्रयत्न आपोआप सूर दुरुस्त करणाऱ्या प्लगिनचा. तो इथे चालत नाही, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे. असं प्लगिन प्रत्येक स्वर जवळच्या पट्टीवर ओढतं. सूर 50 सेंटच्या पुढे गेला की जवळची पट्टी खालची राहत नाही, वरची होते. म्हणजे जो भाग मला खाली आणायचा, तोच ते आणखी वर पांढरी दोनकडे नेतं. शिवाय विणेकरी बुवांच्या गळ्यातल्या मींडेच्या, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याच्या, पायऱ्या होतात. ते ऐकवत नाही.

मग क्लिपवरची पिच एन्व्हलप सापडली, म्हणजे कुठे किती सूर बदलायचा ते ठरवणारी रेघ. क्लिपवर उजवं क्लिक, टेक, पिच एन्व्हलप. एक रेघ उमटते आणि तिच्यावर हवे तिथे बिंदू ठेवता येतात. एक गोष्ट आधी करा: स्नॅप बंद. मला हे चार दिवसांनी समजलं. स्नॅप चालू असेल तर रेघ अर्ध्या-अर्ध्या स्वराने उडी मारते, आणि आपल्याला हवा असतो सेंटा-सेंटाने जाणारा उतार.

बिंदू कुठे ठेवायचे हे हरिपाठानेच सांगितलं. दर अभंगानंतर तेच ध्रुपद परत येतं, तीच ओळ, तोच शेवटचा षड्ज. प्रत्येक वेळी तिथे थांबून ट्यूनरवर आकडा वाचला आणि वहीत लिहिला. आठव्या अभंगापर्यंत जेमतेम 10 सेंट, सतराव्यापर्यंत 35, शेवटी 60. चढ सरळ नव्हता, आठव्या अभंगानंतर तो वेगाने वाढत होता. पहिल्या आणि शेवटच्या बिंदूंमध्ये एकच सरळ रेघ मारली असती तर मधला भाग बेसूरच राहिला असता.

गळे सुंदर खाली आले. टाळ मात्र बिघडले. टाळाचा तो खणखणीत 'खण्ण' पाण्यात बुडवल्यासारखा 'खळ्ळ' ऐकू यायला लागला. लांबी तेवढीच ठेवून सूर बदलायचा, तर कुठल्याही सॉफ्टवेअरला आवाजाची चिरफाड करून तो पुन्हा जोडावा लागतो. माणसाचा गळा हे सोसतो, धातूचा आघात सोसत नाही. पिच शिफ्टचे सगळे प्रकार लावून पाहिले, फरक थोडाच पडला.

इलाज फार साधा निघाला. सूर चढला तो लय वाढली तेव्हाच, मग दोन्ही एकत्रच खाली का आणू नयेत? टेपचा वेग कमी केल्यासारखं. मास्टर ट्रॅकवर प्लेरेटची, म्हणजे वाजण्याच्या वेगाची, एन्व्हलप उघडली, रेटच्या पट्टीवर उजवं क्लिक करून 'पिच कायम ठेवा' हा पर्याय बंद केला आणि वहीतले आकडे वेगात बदलून त्याच ध्रुपदांवर बिंदू ठेवले. 60 सेंट खाली म्हणजे वेग 0.966. एकतीस मिनिटांचा हरिपाठ अर्ध्या मिनिटाने लांबला, आणि टाळ जसेच्या तसे राहिले. ही एन्व्हलप प्रोजेक्टमधल्या सगळ्या ट्रॅकना लागते, म्हणून हे काम वेगळ्या प्रोजेक्टमध्ये करून रेंडर (तयार ऑडिओ फाइल) काढावं आणि तानपुरा नंतर नव्या प्रोजेक्टमध्ये घालावा.

एकट्या गळ्यासाठी मात्र मी अजूनही पिच एन्व्हलपच वापरतो. बुवांचा एक अभंग नुसत्या वीणेवर घेतला होता, तिथे पिच शिफ्टच्या प्रकारांतला एकट्या आवाजासाठीचा 'एलास्टिक सोलोइस्ट' लावला तर काही केलंय हे कळतही नाही. लॅपटॉप जुना असेल तर क्लिप ग्लू करून टाका, म्हणजे बदलांसकट तिची नवी फाइल बनते, ताण जातो आणि मूळ फाइल फोल्डरमध्ये राहते.

सनईच्या सॅम्पलवर मींड घेण्याचाही नाद लागला. तिथे काम पिच बेंडचं, म्हणजे वाजता स्वर वर-खाली वाकवण्याचं. बहुतेक वाद्यांत बेंडची कक्षा दोन अर्धस्वर असते आणि गंधार ते पंचम तीन अर्धस्वर, म्हणजे मींड वाटेतच अडकते. वाद्यात कक्षा 12 करा. दुसरं म्हणजे बिंदूंमधली रेघ सरळ ठेवू नका. माझी पहिली मींड ऐकून वडील म्हणाले, "हा तर गिरणीचा भोंगा." त्यांनी तो अनेक वर्षं ऐकलाय, आणि ते बरोबर होते. भोंग्याचा आवाज एकसारखा वर जातो, गळा तसा जात नाही. तो निघताना रेंगाळतो, मधे झपकन जातो आणि पोचताना पुन्हा सावकाश होतो. रेघेचा आकार 'स्लो स्टार्ट, स्लो एंड' केला, मध्यमावर एक छोटा थांबा दिला, तेव्हा कुठे ती सनईची मींड झाली.

हरिपाठ मंडळींना मंदिरात ऐकवला. तानपुरा शेवटपर्यंत गळ्याखाली शांत वाजत होता. फक्त पखवाजवाले काका मान तिरकी करून म्हणाले, "माझा पखवाज शेवटी उतरल्यासारखा का वाटतोय?" त्यांचा कान पक्का. गळे चढले तरी पखवाज काळी एकलाच होता, आणि मी सगळंच 60 सेंट खाली आणलं होतं. सगळा आवाज एकाच माइकवर घेतला असल्यामुळे तो वेगळा काढता आला नाही.

कार्तिकात काकडा घेतला तेव्हा पखवाजाला स्वतंत्र माइक लावला आणि बुवांच्या एका कानात तानपुऱ्याचा इयरफोन दिला. पहाटे चारला सुरुवात, थंडी, सगळ्यांचे गळे जड. शेवटच्या आरतीला ट्यूनरवर पाहिलं तर चढ फक्त 15 सेंट. त्या रेकॉर्डिंगवर मी एकही रेघ ओढली नाही.